आत काय काय नीट आहे

डॉक्टर बोलता बोलता थांबले. ललिता आत आल्यापासून ते उन्हाबद्दल बोलत होते. मार्च अजून सरला नाही तोच जळगाव तापायला लागलंय, पाणी भरपूर पीत जा, दुपारचं स्कूटरवरून फिरू नका, असं काहीबाही. तिच्या पोटावर गार जेली होती आणि त्यातून त्यांच्या हातातलं यंत्र सहज इकडून तिकडे सरकत होतं. मग ते बेंबीच्या जरा डावीकडे एका जागी आलं आणि तिथेच राहिलं. पाणी भरपूर पीत जा, आणि... पुढे काही आलंच नाही. ललिता छताकडे बघत वाट पाहत राहिली. छताच्या एका चौकोनावर ओल येऊन गेल्याचा पिवळट डाग होता, त्याला कडेने तपकिरी किनार होती. "उजव्या कुशीवर व्हा," डॉक्टर म्हणाले. थोड्या वेळाने, "आता सरळ." मग, "जरा बाहेर चालून या, काहीतरी गोड खा, बाळ वळू द्या." ती बाहेर गेली, बाकावर बसलेल्या योगराजशेजारून दोन-तीन फेऱ्या मारल्या, पर्समधली बिस्किटं खाल्ली, परत येऊन आडवी झाली. यंत्र पुन्हा त्याच जागी आलं. डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र थांबवलं, त्यावर रेघा ओढल्या, आणि तिच्याकडे न बघता नर्सला म्हणाले, "मिस्टरांना बोलवा."

पुढे कितीतरी दिवस ललिताच्या मनात पहिल्यांदा येई ते हेच. काय सांगितलं ते नंतर. आधी हे, की पोट उघडं टाकून ती तिथे पडली होती, कानाने ऐकू येत होतं, मराठी समजत होती, आणि तरी सांगण्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी बोलवावं लागलं. "काय झालं?" असं तिने विचारलं होतं. "येऊ द्या त्यांना, मग सांगतो." योगराज आत आला. कपडे नीट करायला सवड न मिळालेल्या बायकोकडे पाहून तो आधी ओशाळला आणि मग डॉक्टरांसमोर हात मागे बांधून उभा राहिला. पाटबंधारे खात्यात साहेबांसमोर तो असाच उभा राहत असणार. हृदयाच्या मधोमध मोठं छिद्र वाटतंय, डॉक्टर त्याला म्हणाले. मानेमागची कातडी जाड आहे. नाकाचं हाड आखूड आहे. पाचवा महिना लागलाय, आता हे सगळं दिसतं. या खुणा एकत्र आल्या की आम्हाला डाउन सिंड्रोमची शंका येते.

"म्हणजे काय होतं?" योगराजने विचारलं.

"मूल मतिमंद होतं. चेहरा वेगळा असतो. पोटातल्या पाण्याची तपासणी करून घ्या, खात्री होईल. पण उशीर करू नका. कायद्याने अजून वेळ आहे."

चेहरा वेगळा. ललिताने जेली पुसायला घेतलेला कागद हातातच चुरगळला. तिला कुठलाही वेगळा चेहरा आठवला नाही. तिला उखर्डूमामाचा चेहरा आठवला आणि तो तर अगदी ओळखीचा होता.

उखर्डूमामा तिच्या आईचा धाकटा भाऊ. त्याच्या आधीची दोन मुलं गेली म्हणून आजीने त्याला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं आणि नावही तसंच ठेवलं होतं, म्हणजे मरणाला वाटावं की हे कुणाला नकोच आहे. मरण फसलं, तो राहिला. यावलच्या घरात तो भोळा म्हणून ओळखला जाई, त्यापलीकडे त्याला काय झालंय हे कुणी कधी विचारलं नाही. बुटका, बसकं नाक, वर तिरपे गेलेले डोळे, बोटं आखूड आणि तळहात भलताच मऊ. ललिता सुट्टीत यावलला गेली की तो तिला "लले" म्हणून हाक मारी आणि तिच्या मागे मागे फिरे. लोक म्हणतात तसा तो देवमाणूस वगैरे नव्हता. गूळ चोरायचा. आंघोळीला नेलं की आरडाओरडा करायचा. एकदा तिने त्याचा भोवरा घेतला तेव्हा तो तिच्या दंडाला कडकडून चावला होता आणि नंतर दिवसभर तोच गाल फुगवून बसला होता. मोठा झाल्यावर तो फैजपूरला केळीच्या गोडाऊनमध्ये जाऊ लागला. धुतलेल्या फण्या खोक्यात लावल्या की मध्ये कागद घालायचं काम त्याला दिलं होतं, आणि तो ते इतकं सावकाश करी की माणसं ओरडत, मग ओरडायची सोडून देत, कारण उखर्डू घाई करत नसे. ओठ मात्र त्याचे कायम निळसर. चार पायऱ्या चढला की तो खाली बसायचा, छातीवर तळहात ठेवायचा आणि कुणीतरी म्हणायचं, "दमला उखर्डू." रावेरला एका लग्नात तो मंगल कार्यालयाचा जिना चढताना बसला आणि उठलाच नाही. तिशी नुकतीच ओलांडली होती त्याने. यावलच्या डॉक्टरांनी त्याला जन्मभर टॉनिक दिलं होतं. त्याच्या छातीला कान लावून आत काय चाललंय हे कुणी ऐकलं नव्हतं. आणि आज एका माणसाने अंधाऱ्या खोलीत बसून हातभर लांबीसुद्धा न झालेल्या जिवाचं हृदय उघडून पाहिलं होतं, झडप न् झडप पाहिली होती, आणि एवढं पाहून काय म्हणाला, तर उशीर करू नका.

स्कूटरवरून घरी येताना सिग्नलला केळीचा ट्रक शेजारी येऊन उभा राहिला तेव्हा तिने ओढणी नाकाला लावली. वासाचा त्रास नव्हता. आपण रडू की काय असं तिला वाटलं होतं आणि स्कूटरवर मागे बसून रडणाऱ्या बायकांची तिला चीड होती. पण रडू आलंच नाही. पोटात काहीतरी हललं, आतून बोटाने टिचकी मारावी तसं. गेल्याच आठवड्यात तिला हे पहिल्यांदा कळलं होतं आणि तिने योगराजचा हात तिथे धरून ठेवला होता, त्याला मात्र काही लागलं नव्हतं. आता तिने त्याला सांगितलं नाही.

पाण्याची तपासणी झाली. सुई गेली तेव्हा ललिताने डोळे मिटले नाहीत. धुळ्याला योगराजच्या आईचं घर, आणि धुळ्यालाच पोटातल्या बाळाचं हृदय तपासणाऱ्या एक डॉक्टर होत्या, म्हणून अहवाल हाती आला की तिकडेच जायचं ठरलं. मधले दिवस ती कामावर जात राहिली. केळीची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवणाऱ्या प्रयोगशाळेत ती होती. पांढरा कोट, तोंडाला मास्क, हातात चिमटा. हजारो रोपं सारखी निघावी लागतात, एखादं वेगळं निघालं, पान आखूड, रंग फिका, तर ते काढून टाकायचं. इतकी वर्षं तिचा हात न थबकता हे करत आला होता. त्या दिवसांतही तो थबकला नाही, आणि याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. ते योगराजच्या मनात मात्र घोळत असावं. संध्याकाळी चहा घेताना तो कपाकडे बघत म्हणाला, "तू तिथे काय करतेस गं? वेगळं निघालेलं रोप ठेवतेस?"

"रोप विकायला असतं," ती म्हणाली.

वाईट माणूस नव्हता तो. त्याला भीती वाटत होती आणि भीतीपोटी तो हिशेबी बोलत होता. मूल शाळेत जाईल का, बोलेल का, आपण म्हातारे झाल्यावर काय. हे प्रश्न तिलाही पडत होते. रात्रंदिवस पडत होते. फरक इतकाच की तिच्यासाठी त्या प्रश्नांना चेहरा होता. तो चावत होता, गूळ चोरत होता, आणि खोक्यात कागद घालताना घाई करत नव्हता.

धुळ्याच्या डॉक्टरांचं नाव मिसबाह. ललिताहून लहान असाव्यात. डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली आणि वर चष्मा. त्यांनी आधी ललितालाच समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि योगराजला तिच्या शेजारी. अहवाल वाचून त्या सरळ म्हणाल्या, "ताई, डाउन सिंड्रोमच आहे. गुणसूत्रांची एकविसावी जोडी असते, तिथे तुमच्या बाळाला दोनाऐवजी तीन आहेत."

"माझा मामा तसा होता," ललिता म्हणाली. तिने हे आतापर्यंत योगराजसमोर एवढ्या उघड कधी म्हटलं नव्हतं. लग्नाच्या बोलणीत माहेरच्यांनी मामाचा विषय काढला नव्हता आणि कुणी विचारलाही नव्हता.

"तपासलंय ते. काही घरांत हे चालत येतं, पण हा प्रकार तसा नाही. तुमच्याकडून आलेलं नाही, यांच्याकडूनही नाही. होतं असं कधीकधी. कुणाचा दोष नाही."

योगराजने सुस्कारा सोडला. ललिताला मात्र आपली एक वस्तू कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं वाटलं. इतके दिवस ती मनात धरून चालली होती की हे मामाकडूनच येतंय. दोष म्हणून का होईना, त्याचं काहीतरी उरलंय. तर तसंही नव्हतं. मामाचं काहीच उरलं नव्हतं आणि पोटात होतं ते कुणाची सावली नव्हतं, ते त्याचं तेच होतं. काही वेळ तिला अगदी उघडं पडल्यासारखं वाटलं. मग हळूहळू त्याचाच तिला आधार वाटू लागला. मामासाठी काही करायचं नव्हतं. मामासाठी करण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"आता दोन रस्ते आहेत," डॉक्टर मिसबाह म्हणाल्या, "थांबवायचं असेल तर कायद्याने थांबवता येतं, आणि ठेवायचं असेल तर पुढची तयारी करता येते. मी कुठलाच रस्ता सुचवणार नाही. सही तुमची लागते, ताई. फक्त तुमची."

"तपासणी तर करायचीच आहे ना आज?"

"हो."

"मग मला आधी सांगा, आत काय काय नीट आहे."

डॉक्टरांनी चष्मा वर सारला. हा प्रश्न त्यांना नेहमी कुणी विचारत नसावं. "या," त्या म्हणाल्या. पडदा त्यांनी ललिताला दिसेल असा वळवला. योगराज दाराशी उभा होता, त्यालाही त्यांनी जवळ बोलावलं. आणि मग त्या सांगत गेल्या. हा मेंदू, हा त्याचा मागचा भाग, थोडा लहान वाटतो पण आहे. हे ओठ, फाटलेले नाहीत. हा पाठीचा कणा, बघा, मण्यांची माळ असते तसा, एकही मणी सुटलेला नाही. ही फुप्फुसं. हे जठर, त्यात काळं दिसतं ते पाणी, म्हणजे बाळ गिळतंय. ही दोन मूत्रपिंडं, एकात किंचित पाणी साठलंय, बहुतेक वेळा ते आपोआप जातं. हे मांडीचं हाड, जरा आखूड. हा हात. हात उघडला आणि मिटला. एका ठिकाणाहून त्यांनी यंत्र झरकन पुढे नेलं आणि हसून म्हणाल्या, "ते सांगायचं नसतं मला." ललिता पण हसली. आणि हसता हसता तिला एकदम वाटलं, मुलगी आहे हे सांगायला बंदी आहे, कारण सांगितलं तर लोक तिला राहू देणार नाहीत. आणि हे दुसरं मात्र सांगतात, सांगितल्यावर घाई करा म्हणतात. तिला त्या बंदीबद्दल किंवा या परवानगीबद्दल काही मत मांडायचं नव्हतं. कुणा बाईने तो दुसरा रस्ता घेतला असता तर ललिता तिच्या दारात जाऊन काही बोलली नसती. पण स्वतःपुरतं तिला कळलं की ती या टेबलावर पडून कुणाच्या निकालाची वाट बघत नाहीये.

हृदय शेवटी आलं. तिथे डॉक्टर मिसबाह बराच वेळ थांबल्या, पण गप्प झाल्या नाहीत. चार कप्पे असतात, मधली भिंत मध्यावर जुळलेली नाही, दोन झडपांच्या जागी एकच मोठी झडप आहे. पोटात असेपर्यंत बाळाला याचा त्रास नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ऑपरेशन करावं लागेल, मोठं ऑपरेशन आहे, पण होतं आणि पुष्कळ मुलं त्यातून चांगली निघतात. योगराजने विचारलं, "आणि नाही केलं तर?"

"तर दम लागत जातो. ओठ निळे पडतात," डॉक्टर म्हणाल्या.

ललिताने डोळ्यांवर पालथी मनगटं दाबून धरली. तपासणीचं टेबल, गार हवा, पडद्यावर फडफडणारी ती एकच झडप. रडायला आलं ते इथे, आणि ती मोकळेपणाने रडली. मग पोट पुसून उठून बसली आणि म्हणाली, "ठेवायचं आहे. दर महिन्याला बघा. सगळं बघा."

योगराज बाहेर पायऱ्यांवर म्हणाला, "मला विचारलं पण नाहीस."

"तुम्ही घाबरलाय. मी पण घाबरलेय. पण तुम्ही घाबरून नाही म्हणताय, मी घाबरून हो म्हणतेय. आता विचारते. येताय का माझ्याबरोबर?"

तो पायऱ्या उतरला. गाडी काढली आणि तिला आईच्या घरी घेऊन गेला. लताबाई, त्याची आई, अंगणात बाजल्यावर मिरच्या वाळत घालत होत्या. त्यांना फोनवर बरंचसं कळलं होतं. ललिताला पाणी देऊन त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "तुना मामा तसाच व्हता म्हने. आम्हले सांगं का नही?"

"मामामुळे नाही झालं हे, आई. डॉक्टरांनी तपासलंय."

"नही व्हयनं ते चांगलं. पन आम्हना घरमा असं कोनी नही. लोके काय म्हनतीन?" मिरचीचं देठ त्या तोडत होत्या, तोडलेलं बाजूला टाकत होत्या. "आनि आपन नही ऱ्हावाउत तधळ तेले कोन दखी?"

लोकांचं ललिताला काही वाटलं नाही. दुसरा प्रश्न मात्र खरा होता. आपण नसू तेव्हा त्याला कोण बघेल. मामाला त्याची आई गेल्यावर ललिताच्या आईने बघितलं होतं, जमेल तसं, कधी ओरडून. उत्तर म्हणून हे काही फार मोठं नव्हतं. "माहीत नाही, आई," ती म्हणाली, "पण आहोत तोपर्यंत आपण बघू. आत काय बिघडलंय ते आधी कुणी बघितलंच नाही, म्हणून तर माणसं गेली."

लताबाईंनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. त्या महिनाभर तिच्याशी फोनवर मोजकंच बोलल्या. जळगावला परतल्यावर योगराज रोज सकाळी डबा घेऊन कामावर जात होता, रोज संध्याकाळी येत होता, आणि मध्ये कुठेतरी त्याने तिला न सांगता ठरवलं असावं, कारण पुढच्या तपासणीला सुट्टी टाकून तो स्वतःच गाडी काढून उभा राहिला. पडद्यासमोर त्याने विचारलं, "मूत्रपिंडातलं पाणी?" गेलं होतं. तो लहान मुलासारखा हसला.

सातव्या महिन्यात जठर बदललं. एका काळ्या फुग्याच्या जागी दोन फुगे दिसू लागले, एक मोठा आणि त्याला चिकटून एक लहान. डॉक्टर मिसबाह म्हणाल्या, जठराच्या पुढचं आतडं बंद आहे, या मुलांत असं असतं आणि ते उशिराच दिसतं. जन्मल्यावर दूध पाजायचं नाही, लगेच ऑपरेशन, आणि बाळंतपण अशाच ठिकाणी जिथे लहान मुलांचे सर्जन हजर असतील. ललिताला वाटलं होतं आता आणखी काही निघालं तर आपण मोडून पडू. उलट झालं. एक भलताच राग तिच्या पाठीच्या कण्यात ताठ उभा राहिला. हे दिसलं नसतं तर बाळाला पहिल्याच दिवशी मध चाटवलं असतं, दूध पाजलं असतं, ते उलट्या करत राहिलं असतं, आणि आठवड्याने कुणीतरी म्हणालं असतं, भोळंच होतं, सुटलं बिचारं. तो शब्द, सुटलं, तिने मामाच्या तेराव्याला तीन-तीन तोंडांतून ऐकला होता. त्याला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. त्याला राहायचं होतं. लग्नात जेवायला वर चालला होता तो.

जुलैमध्ये, वेळेच्या थोडं आधी, मुलगी झाली. नर्सने ती दाखवली तेवढीच. वर तिरपे डोळे, बसकं नाक, आणि रडणं जेमतेम. नाकातून नळी घालून तिला वर नेलं आणि दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. ललिता टाके घेऊन खाली पडून होती, छाती दुधाने दगड झाली होती आणि ते दूध पिळून टाकावं लागत होतं. ते पिळताना ती एकदाच डगमगली. भिंतीकडे तोंड करून तिने स्वतःला विचारलं, तू हे तिच्यासाठी केलंस की कुणाला तरी दाखवून द्यायला? दोन्ही असेल. असू दे. त्याने दूध काही कमी येत नव्हतं. दहाएक दिवसांनी सर्जन म्हणाले, चमचाभर देऊन बघा. मुलीने चमचा ओठांनी धरला, बरंचसं गालावरून सांडलं, आणि मग तिचा गळा हलला. ते आत गेलं, आणि आतच राहिलं. लताबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. दोन दिवस त्या दवाखान्यात होत्या तरी त्यांनी मुलीला हात लावला नव्हता. आता पदराने तिचा गाल पुसत, आपली आई आठवून त्या म्हणाल्या, "मनी मायनं नाव ठेव. कस्तुरा. ती पन अशीच दखे, तिरपं तिरपं."

ऑक्टोबरच्या शेवटी त्या धुळ्याहून जळगावला परत निघाल्या होत्या, ललिता, लताबाई आणि कस्तुरा. योगराजला सुट्टी नव्हती म्हणून बसने. हृदयाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, त्याआधी वजन वाढवायचं होतं आणि कस्तुरा दूध पिताना दमत होती, थांबून थांबून पीत होती, घाम फुटत होता तिला. ऑपरेशनमधून ती निघेल की नाही हे कुणी सांगू शकत नव्हतं. पारोळ्याला एक बाई चढली, चांगल्या घरची, हातात फळांची पिशवी. ललिताने पदर सावरून कस्तुराला खांद्यावर घेतलं तेव्हा त्या बाईने मुलीचा चेहरा पाहिला, दुसरीकडे बघितलं, आणि पुन्हा पाहिला. ललिताला हे आता माहीत झालं होतं. पहिली नजर, दुसरी नजर, आणि मग गळ्यात अडकलेला तो प्रश्न. दवाखान्यात, गल्लीत, प्रयोगशाळेत सगळ्यांनी तो कुजबुजत एकमेकांना विचारला होता, तिला कुणी विचारला नव्हता. या बाईने विचारला. आवाजात माया होती.

"आजकाल तर सोनोग्राफीत सगळं दिसतं ना हो? तुम्हाला आधी कळलं नव्हतं का?"

लताबाईंनी चटकन ललिताकडे बघितलं. बसच्या गडगडाटातही पुढच्या सीटवरची दोन डोकी जराशी वळली. ललिताने कस्तुराला खांद्यावरून काढून मांडीवर घेतलं, तिचा चेहरा त्या बाईकडे केला, नीट दिसेल असा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"कळलं होतं. सगळं कळलं होतं."